मशालींना पाणी नको

हे बाबांनीच मला शिकवलं होतं. बाबा म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर गवंडीकाम केलेले. टॉर्च लिलीला ते मशाली म्हणतात. उंच दांड्यावर पेटलेला तुरा, वर लाल, खाली पिवळा. एकदा मूळ धरलं की उन्हाळाभर विसरून जा, दरवर्षी त्याच गड्ड्यातून वर येतात.

"लाड केलेस की मेल्या," म्हणायचे.

आणि आज पान ओढलं तर अख्खं हातात आलं. बुडाशी मऊ, काळं. कुजका वास.

मध्येच सांगायला हवं: बाबांच्या किडन्या गेल्यात. दिवसाआड डायलिसिस. पाणी मोजून, दिवसाची एकच छोटी बाटली, ती मी भरते. तरी पाय सुजत होते. परवा डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरतंय, असंच चाललं तर पुढच्या वेळी इथवर पोचणार नाहीत. "घरात कोण देतं यांना पाणी?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

मी नाही.

रोज दुपारी बाबा झारी उचलायचे.

"कुठे निघालात?"

"बागेला पाणी घालतो. का, तेही बंद?"

पान घेऊन मी त्यांच्या खाटेपाशी गेले.

"बाबा, मशालींना पाणी कोण घालतं?"

ते पानाकडेच बघत राहिले. "उरलेलं ओतायचो. भरलेली झारी परत आणली असती तर तू ओळखलं असतंस."

"झारीतून प्यायचात?"

"तोंडाची चाळणी काढून. नीट पिता येतं." थोडे हसले. मग हसले नाहीत. "सूनबाई, तुला नाही कळायचं. जीभ टाळूला चिकटते. स्वप्नातसुद्धा नळच."

मला रागावता आलं नाही. रडताही.

"मेल्या का सगळ्या?" त्यांनी विचारलं.

भिंत धरत धरत बाबा बाहेर आले. खुरपं नको म्हणाले, गवंडीकामाची जुनी थापी मागितली. गड्डा उकरला. सगळा चिखल. कडेला एकच फुटवा टणक निघाला. तो थापीनं कापून वेगळा केला, भिंतीलगत मातीत खडी मिसळून लावला. धाप लागली होती, पण थापी मला दिली नाही.

"याला पाणी लागेल," म्हणाले. "मूळ धरेपर्यंत तरी."



मी घातलं असतं. दोन पावलांवर नळ होता. मी झारी भरली, चाळणी काढून खिशात टाकली, झारी त्यांच्या हातात दिली.

आणि पाठ फिरवली.

मातीवर पाणी पडल्याचा आवाज. थांबला. समोर वाळत घातलेली त्यांची बंडी, तिच्याकडे मी बघत राहिले. वळायचं नाही. वळायचं नाही.

पुन्हा आवाज. शेवटपर्यंत.

"घे," रिकामी झारी पुढे करत बाबा म्हणाले. आवाज कोरडा, जीभ टाळूला चिकटलेली. "उद्यापण देशील?"

"देईन."