सही केलेले कोरे तक्ते

पोषणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आमच्या बाईंनी फळ्यावर नोकऱ्यांची यादी लिहिली होती. हॉस्पिटल, शाळा, खेळाडूंचे संघ, संशोधन. फळा भरून गेला होता. बाहेर पडल्यावर कळलं, हॉस्पिटलात जागा एक आणि अर्ज दोनशे. शाळेला आहारतज्ज्ञ लागते हे शाळांच्या गावीही नव्हतं. शेवटी मी वजन कमी करण्याच्या दुकानात लागले. त्याला दवाखाना म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिथली रीत अशी: महिन्याच्या पहिल्या दिवशी शंभर छापील आहारतक्त्यांवर मी सह्या करायच्या, पेशंटचं नाव नंतर काउंटरवरून भरलं जायचं. प्रत्येक तक्त्यात सकाळ-संध्याकाळ आमची प्रोटीन पावडर. पेशंट माझ्या दृष्टीसही पडायचा नाही. आठ महिने मी मुकाट्याने सह्या ठोकल्या. आई शेजारीपाजारी सांगायची, लेक सल्लागार आहे.

काल एक निवृत्त बसचालक काउंटर ओलांडून थेट माझ्यापर्यंत आले, सोबत त्यांची मुलगी. पाय सुजलेले, हातात रक्ताचा रिपोर्ट आणि माझ्या सहीचा तक्ता. रिपोर्ट वाचला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मूत्रपिंडं आधीच अधू, त्यावर चार महिने रोज दोनदा प्रोटीनचा मारा.

"काका, पावडर आजच्या आज बंद करा. आधी किडनीच्या डॉक्टरांकडे जा."

मालक आतून धावत आला. "थोडी सूज येतेच हो काका. मॅडम नवीन आहेत."

माझं डोकं फिरलं. सह्या घेताना नव्हते का मी नवीन? मी या महिन्याचा गठ्ठा उचलला आणि त्याच्या देखत टराटरा फाडला.

"तुझ्यासारख्या छप्पन मिळतील!" तो ओरडला.

"मिळतात म्हणूनच तुमचं फावतं!"

बाहेर पायरीवर मी त्या दोघांना बसवलं, वही काढली. सकाळी उठल्यावर काय खाता? लघवीचा त्रास कधीपासून? गोळ्या कुठल्या चालू आहेत? काका एकेक आठवून सांगत होते. डॉक्टरांना दाखवायला मी सगळं लिहून देत होते आणि मनातल्या मनात मालकाला शिव्या घालत होते.

त्यांच्या मुलीने वहीत डोकावून पाहिलं.

"ताई, हे चार महिन्यांपूर्वी का नाही विचारलंत?"