गारांत झाकलेला कॅमेरा

आमच्या अर्जेंटिनातल्या कोर्दोबात आभाळ हिरवट झालं की माणूस रजई घेऊन गाडीकडे पळतो. लिंबाएवढ्या गारा, काच शिल्लक ठेवत नाहीत. त्या दिवशी आमच्या अणुवीज केंद्रातले एवारिस्तोकाका रजई घेऊन पळाले ते तपासणीच्या कॅमेऱ्याकडे! शहाणा माणूस, पण डोक्याआधी हात चालले.

मी क्रेनवर होते. वापरलेल्या अणुइंधनाची टोपली सिमेंटच्या कोठीत नुकतीच उतरवली होती, झाकणाला सील लागायचं होतं. पूर्वी या कामाला तपासनीस दिवसभर डोक्यावर उभे असायचे. आता त्यांचे कॅमेरेच फोटो थेट रिओला, ब्राझील आणि आमच्या सामाईक अणुतपासणी कचेरीत पाठवतात. आणि रिओत अकरा मिनिटं नुसता अंधार! तेवढ्यात इंधन कुणी काढलं नाही, हे छातीठोकपणे सांगणार कोण?

काम थांबलं. काकांचा पास काढून घेतला. मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते बिचारे. पस्तीस वर्षं राबून चोराचा शिक्का घेऊन घरी जायची पाळी आली.

"वाऱ्याने रजई उडाली म्हणा," साहेब कुजबुजले.

"आणि दोरीच्या गाठी? त्याही वाऱ्यानेच मारल्या म्हणू?" काका म्हणाले.

रिओहून तपासनीस झुरेमाबाई आल्या. काकांनी सगळं खरं सांगितलं.

"अहो, तो कॅमेरा पोलादी पेटीत असतो. त्याला गारा काय करणार?"

"ते आता कळलं, बाई. पण वस्तू पाहुण्यांची. आपल्या अंगणात फुटली तर तोंड कुठे लपवायचं?"

बाई हसल्या नाहीत. कोठीच्या नळीत किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र सोडलं आणि एकेक टोपली मोजायला बसल्या. एक नाही, दोन नाही, पाच दिवस! मी मनातल्या मनात त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. 'माते' या आमच्या कडू पाल्याच्या चहाचा पेला पुढे केला नाही, आणि आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही. काका रोज फाटकाबाहेर येऊन उभे राहायचे.

सहाव्या दिवशी बाई कागद घेऊन स्वतः फाटकाशी गेल्या.

"सगळ्या टोपल्या जागच्या जागी आहेत. चूक तुमची, तशी लिहिली आहे. पण काहीही गेलेलं नाही."

काकांनी कागद हातात घेतला. "म्हणजे आता विश्वास बसला?"

"काका, विश्वास पहिल्याच दिवशी बसला होता. पण नुसत्या माझ्या विश्वासावर तुम्हाला सोडलं असतं, तर उद्या कुणीही बोट दाखवलं असतं. आता दाखवू दे की!"

काका तिथेच रडायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळत जाऊन पाणी गरम केलं आणि पहिला पेला बाईंच्या हातात दिला.