वरातीची खूण

धाड गावच्या सईदची घोडी नाचल्याशिवाय आसपासच्या गावांत नवरदेव पुढं सरकत नसे. सईदनं जीभ टाळूला लावून ‘टक्-टक्’ केलं, की बिजली पुढचे पाय उचलून अशी नाचायची, की बँडवालेसुद्धा बघत राहायचे.

आज त्याच बिजलीवर त्याची पोरगी मदिहा चिखलीच्या मैदानात उतरली होती. मदिहाचे पाय जन्मापासून लुळे. सईदनंच तिला उचलून खोगिरावर बसवलं, रोजच्यासारखं. पायांचं काम हातातल्या दोन छड्या करायच्या. अपंग स्वारांची ड्रेसाज स्पर्धा होती. घोडीनं फक्त स्वाराच्या इशाऱ्यावर चालायचं, वळायचं, थांबायचं. बाहेरून कोणी खूण केली, की स्वार बाद. जिंकली तर पुण्याच्या घोडेस्वारी शिबिरात जाणार होती पोरगी. वर्षभर तिनं दुसरं काही बोलणंच काढलं नव्हतं.

“अब्बा, तुम्ही फक्त गप उभे राहा.”

“हाव ना बाप्पा! मी काय लहान लेकरू हाय काय?”

झकास चालली होती मदिहा. आता पंचांसमोर थांबून सलाम केला, की झालं. तेवढ्यात मंडपाचं कापड फडफडलं अन् बिजली थबकली. मदिहानं घाई केली नाही, छडी नुसती घोडीच्या अंगाला टेकवली. मागून कोणीतरी म्हणालं, “बिचारीले जमून नाही राह्यलं.”

सईदनं ते ऐकलं. भर मैदानात पोरीची फजिती! आणि मेली ती जीभ वाजलीच. टक्-टक्.

बिजली नाचायला लागली. मदिहा एका अंगाला कलली, लोक ओरडले. पण तिनं लगाम आवळला, घोडी शांत केली, पंचांसमोर नेऊन थांबवली आणि सलाम केला. एकटीनं.

पंचबाई उठल्या. “आवाज कोणी केला?”

तो आवाज चिखलीत कोण ओळखत नव्हतं? पण कोणी बोललं नाही. सईदही बुटांकडं बघत राहिला. गप राहायचं तेव्हा राहिला नाही, अन् बोलायच्या वेळी दातखीळ बसली गड्याची!

“माह्या अब्बानं,” घोडीवरून मदिहा म्हणाली. “मले बाद करा.”

सईदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी मैदानाबाहेर आली, तसा तो तिला उतरवायला हात पसरून धावला. मदिहानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. गाडी घेऊन आलेला तिचा मामा जावेद मागं उभा होता.

“जावेदमामू, मले उतरवा.”

सईदचे हात तसेच राहिले. मग त्यानं लगाम धरला. बिजली कान टवकारून त्याच्या तोंडाकडं बघत होती, पुढच्या खुणेची वाट पाहत.