इओपूची लुंगी

इओपूने नारळ डोक्यावर धरला आणि खडकावरची सगळी गर्दी गप्प झाली.

"याला सालीच्या आत डोळे आहेत," तो म्हणाला. "तोंड आहे. हा खाली जातो, तुमच्या माणसाला भेटतो, ख्यालीखुशाली विचारतो. माणूस सुखात असेल तर नारळ वर पाठवतो. नसेल तर..." इथे तो नुसती मान हलवायचा आणि बायका डोळे पुसायच्या.

सावाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आमचं गाव. किनारा सगळा काळ्या लाव्हाचा. त्यात एक मोठं भोक आहे. खालच्या पोकळीत लाट घुसली की भोकातून पाणी माडाहून उंच उडतं. ते बघायला पर्यटक येतात, फोटो काढतात, भिजतात आणि मग कॅमेरे पुसत बसतात. भोकात नारळ टाकून तो उडवून दाखवायचा खेळ आमच्याकडे जुनाच. पण ऑकलंडला काही वर्षं काढून परत आलेल्या इओपूने त्यात मेलेली माणसं घातली. पाद्रीबाबा रविवारी त्याच्याविरुद्ध बोलायचे आणि शनिवारी लांब उभं राहून बघायचे.

त्या दिवशी नारळ माझ्या बायकोच्या नावाचा होता. फुआतिनोला जाऊन वर्ष व्हायचं होतं. मेहुणी पेनिना मला जवळजवळ ओढूनच घेऊन गेली होती.

"भाऊजी, तुम्ही नुसते उभे राहा. बोलू नका. तुम्ही बोललात की सगळं बिघडतं."

मी बोललो नाही. इओपूने नारळ टाकला. भोकाने गपकन गिळला. आम्ही वाट पाहत राहिलो. पुढच्या लाटेचं पाणी उडालं, नुसतं पाणी. नारळ नाही.

"अडकली आहे," इओपू हळूच म्हणाला. "हाताचं काही काम अर्धं राहिलंय का तिचं?"

पेनिनाने हुंदका दिला. राहिलं होतं. केवड्याच्या पानांची चटई, रेशमासारखी मऊ, आमच्याकडे लग्नात आणि मयताला मानाने देतात तशी. फुआतिनो ती मुलीच्या लग्नासाठी विणत होती. वीतभर राहिली. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे इओपूलाही. पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

"पुढच्या शनिवारी चटई आणा," तो म्हणाला. "मी ती समुद्राला पोचवतो. मग बघा नारळ कसा येतो."

माझा विश्वास नव्हता. पण त्या दिवसापासून मला ताटातला तारोचा कंद गिळेना. अंगणात तिची कबर आहे. तिथे रोज संध्याकाळी बसायचो, आता बसवेना. ती खाली कुठेतरी अडकली आहे आणि मी इथे माशा मारत बसलो आहे, असं वाटायचं. चटई देऊन टाकावी, हेही मनात येऊन गेलं.

माझ्या किनाऱ्यावरच्या झोपडीत तेव्हा ग्वेनबाई उतरल्या होत्या. ॲडलेडच्या. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर फोटोच काढत फिरणाऱ्या. कॅमेरा तान्ह्या बाळासारखा गुंडाळून ठेवायच्या. बुधवारी त्या चिडून माझ्याकडे आल्या.

"तुमचा तो नारळवाला माझे फोटो नासवतो."

"काय करतो?"

"त्याची लुंगी. ऐन वेळी फुगते. हे बघा. मागे एवढा सुंदर समुद्र आणि पुढे हा भोपळा."

त्यांनी कॅमेऱ्यावर फोटो दाखवले. खरंच, लुंगी खालून अशी फुगली होती की इओपू घंटेसारखा दिसत होता. पुढच्या फोटोत नारळ आकाशात. मग परत घंटा, परत नारळ आकाशात.

"माझ्या बायकोचा नारळ आहे का यात?"

त्यांनी शोधला. त्यात लुंगी पायांना चिकटली होती, ओल्या फडक्यासारखी.

"वारा नव्हता का तेव्हा?" मी विचारलं.

"शेजारच्या माणसाच्या लुंगीकडे बघा," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा सरळच आहे. वारा फक्त याच्याच खालून येतो. आणि डावा पाय बघा. प्रत्येक फोटोत त्याच जागी."

दुपारी सगळे झोपल्यावर आम्ही दोघं खडकावर गेलो. इओपू उभा राहतो तिथे खडकाला एक भेग होती, वरवर शेवाळ ठेवून झाकलेली. मी तिच्यावर पाय ठेवला. लाट खालच्या पोकळीत शिरायला लागली की आधी भेगेतून हवा वर यायची, लुंगीत शिरायची. क्षणभराने भोकातून पाणी उडायचं. पाणी ओसरताना हवा उलटी आत ओढली जायची आणि लुंगी पायांना चिकटायची. हवा वर आली की नारळ टाका, उडतो. हवा आत गेली की टाका, पाणी त्याला खालच्या बाजूने समुद्रात घेऊन जातं. बस.

"तुम्हाला गुदगुल्या होतायत का?" बाईंनी विचारलं.

"होतायत," मी म्हणालो आणि हसलो. वर्षात पहिल्यांदा हसलो असेन.

पेनिनाला सांगितलं तर ती म्हणाली, "फोटोत काय, काहीही दिसतं, भाऊजी. बाई परकी आहे. आणि तुम्ही एक नंबरचे कंजूष."

मग सगळ्यांसमोरच दाखवायचं ठरलं. शनिवारी पेनिना चटई छातीशी धरून उभी होती. आमचे गावप्रमुख सापोलू खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या आईचा नारळ दर वेळी वर यायचा. खडक गावाचा, परवानगी प्रमुखांची, त्यामुळे म्हातारी कायम सुखात.

ग्वेनबाई पुढे झाल्या. "इओपू, जरा त्या उंच दगडावर उभे राहाल का? तिथे तुमच्या चेहऱ्यावर ऊन छान पडतं. मला मासिकाला फोटो पाठवायचाय. मोठा."

"माझी जागा ठरलेली आहे," तो म्हणाला.

"मग राहू दे. त्या जागी तुमचं पोट दिसतं."

इओपूने पोटाकडे पाहिलं. माणसांकडे पाहिलं. आणि दगडावर चढला.

पहिला नारळ नेहमीप्रमाणे प्रमुखांच्या आईचा. टाकला. गेला. आला नाही.

"म्हातारी झोपली असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"आज समुद्र ऐकत नाही," इओपू म्हणाला. दुसरा टाकला. तोही गेला. तिसरा काठावर आपटून पाद्रीबाबांच्या पायाशी आला. सापोलू खुर्चीतून उठले.

"माझी आई गेल्या शनिवारी सुखात होती. आठवड्यात काय झालं तिला?"

इओपू लगबगीने खाली उतरून आपल्या जागेकडे निघाला. पण तिथे मी उभा होतो. हातात नारळ, डावा पाय भेगेवर. शेवाळ मी बाजूला सारलं होतं.

"इओपू, हा कोणाच्या नावाने टाकू?"

त्याने माझ्या पायाकडे बघितलं. माझी लुंगी पायांना चिकटली तेव्हा मी थांबलो. मग ती फुगली, चांगलीच फुगली, आणि बायका तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मी नारळ टाकला. तो माडाच्या वर गेला.

"हा कोणाच्याच नावाचा नव्हता," मी म्हणालो. "पेनिना, तू ये. भेगेवर उभी राहा."

ती आली. चटई काखेत, एक हात झग्यावर दाबलेला. दोनदा तिचा नारळ बुडाला, तिसऱ्यांदा उडाला. मग सापोलूंनी स्वतः टाकला आणि आईला पुन्हा सुखी केलं. पाद्रीबाबांनीही एक टाकला, लोकांना समजावं म्हणून, असं म्हणाले.

परत येताना पेनिनाने चटई पुन्हा छातीशी धरली. अंगणात आल्यावर म्हणाली, "मग ती अडकलेली नाही?"

"नारळ अडकला नव्हता, एवढं मला कळलंय," मी म्हणालो. "बाकीचं मला माहीत नाही. इओपूलाही माहीत नाही."

तिने केवड्याची पानं मागितली आणि कबरीशेजारी बसून उरलेली वीत विणायला घेतली.

इओपू आजही खडकावर असतो. पर्यटकांसाठी नारळ उडवतो. भेग सगळ्यांना दाखवतो आणि लुंगी फुगली की स्वतःच आधी हसतो. हात चांगला आहे त्याचा.

आपलं माणूस गेलं की मन हळवं होतं, कशावरही बसतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटलं तर बोला, मीही रोज बोलतो. पण त्याचं उत्तर आणून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला जागेवरून हलायला सांगा. आणि कोणाच्या पायाशी बसण्याआधी ते पाय कशावर उभे आहेत, तेवढं वाकून बघा.