जर्सीवरचा झगा

आमच्या काउंटीतल्या निम्म्या लोकांना मी आवडत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना माझा बाबा. सोळाव्या वर्षी एवढी कीर्ती कुणाच्या वाट्याला येते?

सगळं झालं स्टेडियमवरून. हेरन्स, म्हणजे बगळे, ही आमची बेसबॉल टीम. तिच्या मालकांना नदीकाठी नवंकोरं स्टेडियम हवं होतं. हवं त्यांना, पैसे आमचे. दुकानातून दूध घ्या नाहीतर मोजे, त्यावर थोडा जास्तीचा विक्रीकर, पुढची चाळीस वर्षं. द्यायचा की नाही ते मतदारांनी ठरवायचं. 'हो' किंवा 'नाही'. आणि त्यांच्या त्या रंगीत नकाशावर जिथे पार्किंग दाखवलं होतं, तिथे आमचं स्केटिंग रिंक आहे, 'मूनलाइट'. त्यातली लाकडी जमीन बाबानं स्वतः घासून घासून आरशासारखी केलीय. मी चालायला शिकायच्या आधी तिथे चाकांवर उभी राहिलेय. 'हो' जिंकलं की तिथे बुलडोझर येणार होता. माणसं हुशार होती, नकाशात बुलडोझर काढला नव्हता.

यात विचित्र गोष्ट ही, की बाबाइतका हेरन्सवेडा माणूस अख्ख्या काउंटीत नाही. बूट भाड्यानं घ्यायला येईल त्याला तो महिनाभर ऐकवत होता, "मी हेरन्सची जर्सी घालूनच जाणार आणि 'नाही'वर खूण करणार. टीम माझी आहे, मालकाच्या बापाची नाही!"

मतदान ठेवलं होतं नेमकं हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या मंगळवारी. योगायोग म्हणे. त्या दिवशी आमच्याकडे दंतवैद्यसुद्धा निळ्या जर्सीत दात काढतात. छातीवर बगळा, हातात सॉसेज, आणि पोटात प्रेम उचंबळलेलं. अशा वेळी कर मागितला तर कोण नाही म्हणेल?

आमच्या राज्यात सोळाव्या वर्षी मत देता येत नाही, पण मतदान केंद्रावर काम करता येतं. मी नाव दिलं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला मी इतक्या हळू 'हजर' म्हणायचे की माझी गैरहजेरी लागायची. मग मी वादविवाद मंडळात गेले आणि मला माझा आवाज सापडला. आता तो बंद कसा करायचा ते सापडत नाही.

केंद्र होतं लूथरन चर्चच्या तळघरात. आमच्या प्रमुख मिसेस व्हर्ला हॉकेट. या बाईंनी सगळी उमर शाळेची बस चालवली, अजूनही माणसाकडे मागच्या आरशातून बघावं तशा बघतात. दारं उघडायच्या आधीच त्यांना निवडणूक कार्यालयातून फोन आला. 'हो'वाल्यांच्या प्रत्येक फलकावर हेरन्सचा बगळा आहे, म्हणून बगळ्याचे कपडे म्हणजे प्रचार. आणि मतदानाच्या जागी प्रचार चालत नाही.

"म्हणजे काय, अख्खं गाव परत पाठवू?" मिसेस हॉकेट फोनवर म्हणाल्या. पलीकडून काहीतरी गुळमुळीत उत्तर आलं. त्यांनी फोन ठेवला, चर्चच्या गाणाऱ्या मंडळींचं कपाट उघडलं आणि जांभळ्या झग्यांचा ढीग माझ्या हातात दिला. "पाद्रीबाबांना मी सांगते. बगळा झाकला की झालं. तू वर दारात उभी राहा. तोंड आहे तुला."

तोंड होतं, पण त्या दिवशी जे ऐकलं त्याला कानही दणकट लागतात.

"हा झगा? मी काय देवदूत आहे?"

"आत दोन मिनिटं देवदूत व्हा. बाहेर आल्यावर सोडा."

"पोरी, मी या देशासाठी लढलोय!"

"या झग्यात लढला नसाल. हात वर करा, बाही अडकतेय."

काहींनी हसत घातला. एका आजीबाईंनी घालून थेट स्तोत्र सुरू केलं. बऱ्याच जणांनी मात्र घालता घालता मला जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. दोघांनी झगा माझ्या अंगावर फेकला. एकीनं विचारलं, तुला आईनं वळण लावलं नाही का. लावलंय, म्हटलं, झगा घ्या.

दुपारी कर्ट लिंडेल आला. मोटारी विकतो, 'हो'वाल्यांचा म्होरक्या, हमरस्त्यावरच्या जाहिरातीत त्याचे दात माझ्या खोलीपेक्षा मोठे छापले होते. अंगात अर्थातच जर्सी.

"तू ड्वेन स्टेपानिकची ना? रिंकवाल्याची?"

"हो. मार्गो."

"तरीच! बापाची टपरी वाचवायला बसवलंय तुला इथे."

"बसवलेलं नाही, सकाळपासून उभी आहे. झगा घ्या. मोठ्या मापाचे दोनच उरलेत."

"मेलो तरी घालणार नाही."

तेवढ्यात बाबा आला. शीळ वाजवत, जर्सी इस्त्री केलेली. रांगेतून मला हात केला, जणू मी स्पर्धा जिंकून उभी आहे.

"बाबा, बगळा झाक."

"काय?"

"झगा घाल. सगळ्यांना तेच आहे."

"अगं बये, मी 'नाही'वाला आहे! 'नाही'! माझ्या अंगावर प्रचार कसा असेल?"

"ओरडू नकोस! आता तर तू तोंडानंही प्रचार केलास."

रांग हसली. लिंडेल सगळ्यात मोठ्यानं. "घाल की ड्वेन. जांभळा खुलेल तुझ्यावर."

"तू घाल आधी."

"मी नाही घालत."

"मग मीही नाही."

आणि दोघे पार्किंगच्या टोकाला जाऊन उभे राहिले. एकाच टीमची जर्सी, एकाच रंगाचे चेहरे, मध्ये एका गाडीचं अंतर. लिंडेलनं झगा घातला असता तर बाबा धावत आला असता, आणि बाबानं घातला असता तर लिंडेल. पण पहिला वाकणार कोण? मी एकदा त्यांच्यापर्यंत गेले.

"बाबा, रिंक जाईल."

"मला बाहेर काढलंस ना? उभा आहे बाहेर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मागच्या दारानं सोड. व्हर्ला खाली कागदांत डोकं घालून बसलीय. कोण बघतंय?"

"मी."

मी दारात परत आले. मतदान संपलं तेव्हाही ते दोघे तिथेच होते. मग एकमेकांना शिव्या घालत आपापल्या गाड्यांत बसले.

'नाही' जिंकलं, अगदी थोडक्यात. रिंकमध्ये माणूस मावेना. बाबा बेंचवर चढला, माईक हातात. "आपण मालकांना घरी बसवलं!" लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी बूट वाटत होते. 'आपण' म्हणताना त्यानं माझ्या दिशेला बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात लिंडेलची तक्रार आली. रिंकवाल्याच्या पोरीनं दारात माणसं निवडली, 'हो'वाल्यांना हाकललं, आपल्यांना आत सोडलं. निकाल रद्द करा, पुन्हा मतदान घ्या. सुनावणी उघड्या सभागृहात. शाळेत माझ्या लॉकरवर कुणीतरी लिपस्टिकनं 'चोर' लिहिलं. मी खाली 'पुरावा?' असं लिहिलं. पण त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं.

"तू सांग ना तिथे," मी बाबाला म्हणाले. तो एका बुटाचं चाक फिरवत बसला होता.

"काय सांगू? मालकांना हरवणाऱ्या माणसानं मतच दिलं नाही?"

"हो. तेच."

"लोक हसतील मला."

"मला चोर म्हणतायत ते चालतं?"

चाक फिरत राहिलं.

सुनावणीला दोन्ही बाजू आल्या, आणि दोन्ही बाजू माझ्याकडे सारख्याच बघत होत्या. 'नाही'वाल्यांनाही वाटत होतं की मी लबाडी केलीय. फक्त त्यांची हरकत नव्हती. आमच्या शेजारीणबाईंनी तर जाता जाता डोळा मारला. तो डोळा मला लॉकरपेक्षा जास्त झोंबला.

मिसेस हॉकेटनी सांगितलं, झग्याचा नियम माझा होता, पोरगी माझ्या सांगण्यावरून उभी होती. लिंडेल उठला. "पण बाई, तुम्ही तर खाली होता! दारात ही एकटी. मी एकच विचारतो. हिनं परत पाठवलेला एक 'नाही'वाला दाखवा. एक!"

तो बाबाकडे बघून हसत होता. बाबाला परत पाठवलेलं त्याला माहीत होतं, आणि बाबा ते कबूल करणार नाही याची खात्रीही होती. त्यानं बाबाचा गर्व माझ्याहून अचूक मोजला होता. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. बाबाकडे बघितलं असतं तर ती विनवणी झाली असती, आणि मला विनवणी करायची नव्हती.

खुर्ची सरकली.

"मी," बाबा म्हणाला.

"ड्वेन, खाली बस," आमच्याच बाजूचा कुणीतरी दबक्या आवाजात म्हणाला.

"मला परत पाठवलं. झगा घाल म्हणाली. नाही घातला. मत दिलं नाही." त्याचे कान लाल झाले होते. "मागच्या दारानं सोड म्हणालो, तर तेही नाही सोडलं. खोटं वाटत असेल तर मतदान केलेल्यांत माझं नाव शोधा. आणि शोधताच आहात तर याचंही शोधा. कर्ट, तू माझ्या शेजारी उभा होतास. दिलंस का मत?"

लिंडेलचे ते प्रसिद्ध दात मिटले.

मग जो गोंधळ झाला! 'हो'वाले लिंडेलवर उठले: आमच्याकडून वर्गणी घेतलीस आणि स्वतः मत दिलं नाहीस? 'नाही'वाले बाबावर उठले: तुला खांद्यावर घेतला होता रे आम्ही! कुणीतरी बाबाच्या दिशेनं कागदी कप भिरकावला. अध्यक्ष हातोडा आपटत राहिले आणि त्या आवाजातच तक्रार फेटाळल्याचं सांगून टाकलं. मला शाबासकी कुणी दिली नाही. मिसेस हॉकेटनी तेवढं पाठीवर असं थोपटलं, की मी पुढे ढकलले गेले.

बाहेर बाबाच्या गाडीवर कॉफी ओतलेली होती. त्यानं बाहीनं काच पुसली, आत बसला. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"हेरन्सचे मालक नोव्हेंबरात स्टेडियम परत मतदानाला आणणार म्हणे."

"ऐकलं."

"सोडायला हवं होतंस मला, मार्गो."

"नाही, बाबा."

"अख्खं रिंक जाणार असतं तरी?"

"तेव्हाही जाईल असंच वाटत होतं ना? तरी नाही सोडलं."

त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. मग म्हणाला, "नोव्हेंबरात परत तिथेच उभी राहणार?"

"नाव दिलंय कालच."

बाबानं एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी सुरू केली. शिवी मला होती की लिंडेलला, ते मी विचारलं नाही. घरापर्यंत मी पहिल्यांदाच, हजेरीच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच, आपण होऊन गप्प बसले.