एक डोळा उघडा ठेवून

पप्पा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, पण अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून दर रविवारी अख्खी मंडळी त्या हातासाठी प्रार्थना करायची. आणि आज काय व्हावं? पप्पांनी भर उपासनेत चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, "आता माझ्या हातासाठी प्रार्थना नको!"

धाकट्या लेकीला वाटलं, पप्पांचा विश्वास उडाला की काय? घरी पोचल्यावर चपला काढता काढताच तिने विचारलं, "पप्पा, देवावर रागावलात?"

"देवावर कशाला? मंडळीवर! आमेन म्हणायच्या आधीच एक डोळा उघडून बघतात, हात हलला का. तूसुद्धा!"

ती ओशाळली, पण गप्प बसेल तर ती कसली! "मग तुम्ही स्वतः मागता?"

"रोज."

"तो काय म्हणतो?"

"अजून तरी काही नाही."

"मग कंटाळा नाही येत?"

"येतो की! तेही त्यालाच सांगतो. दुसरं कोण ऐकून घेणार माझं, तुझी आई?"

धाकटी खुर्ची ओढून त्यांना खेटूनच बसली. "आणखी काय काय सांगता हो त्याला?"