पीनटची अदलाबदल

विद्या देवस्थळी आखातात, रुवीतल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होती. कुठल्या ड्रॉइंगमध्ये कोणी, कधी, काय बदल केला हे सांभाळायचं, एवढंच तिचं काम, आणि त्यात ती चोख होती. मार्चमध्ये तिच्या अमेरिकन साहेबाने ऑफिसात फँटसी बेसबॉलची लीग काढली. दहा संघ हवे होते आणि नऊच जमले, म्हणून त्याने विद्याला विचारलं. तिला नाही म्हणता आलं नाही.

बेसबॉल तिने आयुष्यात पाहिला नव्हता. खेळ असा होता की अमेरिकेतल्या खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा. ते तिकडे मैदानात जे करतील, त्याचे गुण इकडे आपल्याला. दर आठवड्याला लीगमधल्या एका संघाशी सामना, आणि सप्टेंबरात पहिले चार संघ बाद फेरीत.

संघ खरं तर सावनीने उभा केला. सावनी म्हणजे विद्याची मुलगी, वय चौदा, वादी कबीरच्या शाळेत नववीत. गेली दोन वर्षं ती घरात असून नसल्यासारखी होती. खोलीचं दार लावलेलं, कानात इअरफोन, विद्याच्या मराठी प्रश्नाला इंग्लिशमध्ये एका शब्दाचं उत्तर. तिचे बाबा, प्रताप, दोन आठवडे आत वाळवंटातल्या साइटवर आणि दोन आठवडे घरी, त्यामुळे पुष्कळ वेळा मायलेकी दोघीच असायच्या आणि तरी बोलणं होत नसे. पण या खेळात आकडे होते आणि सावनीला आकडे आवडायचे. एप्रिलपासून ती सकाळी आपणहून उठून स्वयंपाकघरात यायला लागली. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी संपतात. विद्या डबा भरायची आणि सावनी ओट्यावर बसून गुण वाचून दाखवायची. खेळाडूंची नावं विद्याच्या तोंडात बसेनात, म्हणून दोघींनी त्यांना टोपणनावं दिली. उंच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तो लंबू, दाढीवाला तो बुवा, सारखा जखमी होणारा तो पेशंट. जूनअखेरीस त्यांचा संघ तिसरा होता. विद्याला संघापेक्षा सकाळच्या त्या वीस मिनिटांचं अप्रूप जास्त होतं.

जुलैच्या मध्यावर तिकडे चार दिवस सामने बंद असतात. तिथून मोसमाचा उत्तरार्ध सुरू होतो. नेमक्या त्याच दिवसांत वरच्या मजल्यावर विशाखा राहायला आली. नवरा आशुतोष इथल्या कंपनीत बदलून आलेला, त्याआधी दोघं अकरा वर्षं टेक्सासमध्ये. विशाखा छत्तीस-सदतीसची, केस कानाशी कापलेले, बोलणं मोकळं. तिला अजून इथे नोकरी नव्हती. विद्याने रीतीप्रमाणे त्यांना जेवायला बोलावलं. जेवताना सावनीने लीगचा विषय काढला आणि विशाखाने चमचा खाली ठेवला. तिकडे ती दर आठवड्याला स्टेडियममध्ये जायची म्हणे. कुठल्या पिचरचं यश खरं आणि कुणाचं नशिबाचं, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं, ते ती सावनीला सांगत बसली. विद्या श्रीखंड वाढत होती. कोणाचं लक्ष नव्हतं.

शाळेला सुट्टी होती. या वर्षी प्रतापची रजा मंजूर झाली नव्हती म्हणून भारतात जाणंही नव्हतं. विद्या सात वाजता ऑफिसला निघायची, आणि संध्याकाळी परतली की कळायचं, सावनी दिवसभर वर होती. पूर्वी गुण वाचून झाले की ती आईला विचारायची, आज कोणाला बाहेर बसवायचं? आता ती ठरवूनच यायची. विशाखा आंटी म्हणते बुवाला बसव. विशाखा आंटी म्हणते पेशंटला सोडून दे. आणि विशाखा आंटी म्हणते ते बरोबर निघायचं. संघ दुसरा झाला. ऑफिसात साहेबाने सगळ्यांसमोर विद्याचं कौतुक केलं. तिला ते कडू लागलं.

एकदा लिफ्टमध्ये विशाखा भेटली. हातात भाजीच्या पिशव्या. हसून म्हणाली, "विद्याताई, लंबूच्या कोपराचं काही कळलं का?"

विद्याने काहीतरी उत्तर दिलं. घरात येऊन ती बराच वेळ पर्ससकट सोफ्यावर बसून राहिली. लंबू हे नाव तिने ठेवलं होतं, कांदा चिरता चिरता, आणि सावनी ओट्यावरून पडेल इतकी हसली होती. ते नाव सावनीने वर नेऊन दिलं होतं. इतक्या लहान गोष्टीचं एवढं लागावं याची तिला लाज वाटली. पण लागलं, ते लागलंच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सावनीने एक नवा पोरगा संघात घेतला. वीस वर्षांचा, लीगमध्ये कोणीच न घेतलेला. विशाखाने हेरला होता. दोघींनी त्याचं नाव पीनट ठेवलं होतं. का, ते विद्याने विचारलं तेव्हा सावनी म्हणाली, "आई, इट्स अ लाँग स्टोरी," आणि एकटीच हसली. पीनटने दहा दिवसांत बुवापेक्षा जास्त गुण केले. रोज सकाळी पीनट. बाकीच्यांची नावंसुद्धा निघेनात.

दोन संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत त्या महिन्याच्या मध्यावर संपत होती. शेवटच्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, विद्याने फोन काढला आणि पीनट मुजम्मिलला देऊ केला. मुजम्मिल म्हणजे स्टोअर्समधला रत्नागिरीचा मुलगा, त्याचा संघ आठवा. बदल्यात तिने त्याच्याकडचा एक थकलेला म्हातारा फलंदाज मागितला. बटण दाबताना तिला अगदी स्वच्छ माहीत होतं की ती काय करते आहे. संघाचं नुकसान होईल, सावनीला वाईट वाटेल, आणि वरच्या मजल्यावर बसलेल्या बाईची एक गोष्ट तरी आपल्या घरातून जाईल.

मुजम्मिल तिच्या टेबलाशी आला. "मॅडम, चुकून तर नाय ना दिलात?"

"नाही," विद्या म्हणाली. "घे तू."

संध्याकाळी सावनी टॅब घेऊन आली, चेहरा उतरलेला. पीनट कुठे गेला? विद्या पोळ्या लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली की ॲपमध्ये काहीतरी गडबड झाली असेल, आपोआप झालं असेल. सावनी टॅब घेऊन धावत वर गेली.

विद्याची पोळी तव्यावर करपली. ॲपमध्ये सगळ्या व्यवहारांची नोंद असलेलं एक पान होतं. तारीख, वेळ, प्रस्ताव कोणाचा, सगळं. सावनीला ते पान ठाऊक नव्हतं. विशाखाला असणारच.

अर्ध्या तासाने सावनी खाली आली, ती रडलेली. विशाखा आंटीने टॅब हातात घेतला, काहीतरी पाहिलं, आणि मग म्हणाली की सॉरी, तुझ्या टॅबवरून ती अदलाबदल मीच केली, पीनट आता ढेपाळेल असं मला वाटलं. "शी डिडन्ट ईव्हन आस्क मी," सावनी म्हणाली. "मला वाटलं, वुई वेअर फ्रेंड्स." ती आईच्या दंडाला डोकं लावून उभी राहिली. असं ती कितीतरी दिवसांत राहिली नव्हती.

विद्याने तिच्या केसांवरून हात फिरवला.

पुढचे बारा दिवस तिला हवं होतं तसं गेले. सावनी वर जाईना. विशाखाने दोनदा निरोप पाठवला, तिने उत्तर दिलं नाही. सकाळी पुन्हा ओट्यावर बसणं, पुन्हा बुवा आणि लंबू. शाळा सुरू झाली होती; दुपारी बसमधून उतरली की ती घरी एकटी बसायची आणि आईला ऑफिसात फोन करायची. शुक्रवारी दोघी मत्रहला समुद्रकाठी फिरायला गेल्या आणि सावनीने तिचा हात धरला. विद्या सुखात होती. पहिले चार-पाच दिवस तर पूर्ण सुखात. मग त्या सुखात विशाखाचा चेहरा यायला लागला. तिने कळून सवरून स्वतःवर घेतलं होतं. इतकं चांगलं वागायला तिला सांगितलं कोणी होतं? आता सावनी जवळ बसली की विद्याला वाटायचं, हीसुद्धा त्या बाईनेच दिली आहे. तो हेवा आधीच्यापेक्षा वाईट होता.

तेराव्या दिवशी सकाळी सावनी म्हणाली की विशाखा आंटी फेक आहे. विद्याने गॅस बंद केला.

"तिने काही केलं नाही. पीनटला मी दिलं. तुला खोटं सांगितलं ते मी."

सावनीने टॅब खाली ठेवला. "पण का?"

"मला तिचा हेवा वाटला."

"हेवा म्हणजे?"

एवढे दिवस जी गोष्ट विद्या पोटात घेऊन फिरत होती, तिचं नावही मुलीला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "जेलस. तू तिच्याबरोबर हसायचीस, ते मला सहन होत नव्हतं."

सावनी ओट्यावरून खाली उतरली. तिने दप्तर उचललं. दाराशी जाऊन म्हणाली, "दॅट्स सो मीन, आई. आणि मी तिला काय काय बोलले," आणि बससाठी निघून गेली. आठवडाभर ती पुन्हा खोलीतच राहिली, दार लावून.

त्याच संध्याकाळी विद्या वरच्या मजल्यावर गेली. विशाखाने दार उघडलं, तशी विद्या उंबऱ्यावरूनच म्हणाली की सावनीला मी खरं सांगितलं आहे. मग विचारलं, तुम्ही का घेतलंत अंगावर? विशाखा जरा अवघडली. म्हणाली, "मी शेजारीण आहे, विद्याताई. माझ्यावर चिडली तर चिडली. तुमच्यावर चिडून ती कुठे गेली असती?"

विद्याला या बाईचा राग यावासा वाटत होता. तो येईना, आणि प्रेमही वाटेना. तिने माफी मागितली, चहा प्यायली आणि खाली आली. आल्यावर सावनीच्या दारावर टकटक करून तिने आपला फोन तिच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, संघ आता तुझा, मी हात लावणार नाही.

सावनीने आधी विशाखाशी समेट केला, आईशी नंतर. संघाची घसरण मात्र थांबली नाही. लंबूचं कोपर गेलं, म्हाताऱ्या फलंदाजाने काहीच केलं नाही. अदलाबदलीची मुदत तर संपलीच होती. सप्टेंबरात बाद फेरी ठरायच्या आठवड्याला ते पाचवे होते आणि पाचवेच राहिले.

तो शेवटचा निकाल बघायला सावनी वर निघाली तेव्हा दाराशी थांबून म्हणाली, "तू येतेस?"

विद्या गेली. विशाखाने तिला मधली जागा देऊ केली, पण ती कडेच्या खुर्चीत बसली. दोघी भराभर इंग्लिशमध्ये बोलत होत्या, पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचं याबद्दल, आणि कशावरून तरी एकदम हसल्या. विद्याला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. तिने तो वाटू दिला आणि विचारलं, काय झालं, मलाही सांगा. सावनी वळली. अडखळत, शब्द शोधत, ती आईला मराठीत समजावून सांगायला लागली.